खाली पाहून दिलेला नकार

किशोरवयीन मुलांना सामाजिक कौशल्ये शिकवण्याच्या पुस्तिकांत 'नकार कसा द्यावा' हा पाठ बहुधा असतोच. ताठ उभे राहा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहा, स्पष्ट 'नाही' म्हणा. आता किनवटच्या आश्रमशाळेतली किंवा निलंगा तालुक्यातल्या खेड्यातली नववीची मुलगी डोळ्यांपुढे आणा. चुलत्यांशी बोलताना तिची नजर खाली असते. नको असलेल्या गोष्टीला ती "घरी इचारून सांगते" म्हणते. पुस्तिकेच्या तक्त्यात तिला शून्य गुण पडतील. घरात मात्र तो नकार सगळ्यांना कळलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 नंतरच्या दशकात जीवनकौशल्य शिक्षणाची मार्गदर्शिका काढली. कौशल्यांचे स्वरूप संस्कृतीनुसार बदलेल, हे तिच्यातच नमूद आहे, आणि उदाहरणही नजरेचेच आहे: काही समाजांत नजरेला नजर देणे मुलग्यांना शिकवतील, मुलींना नाही. तयार तक्ता वापरताना नेमके हेच आपण विसरतो.

अमेरिकेतील वॉर्म स्प्रिंग्ज येथील आदिवासी मुलांच्या वर्गांचा अभ्यास सुसान फिलिप्स यांनी 1983 च्या पुस्तकात मांडला. वर्गापुढे एकट्याने बोलायची वेळ आली की गप्प राहणारी ही मुले गटात काम करताना मोकळेपणाने बोलत. उणीव मुलांत नव्हती, प्रश्न विचारण्याच्या रीतीत होती.

आपल्या भाषेचेच पाहा. मराठीत विनंतीचा मऊपणा क्रियापदात असतो: 'दे', 'द्या', 'देता का', 'द्या की जरा'. 'प्लीज' न म्हणणारे मूल उद्धट ठरत नाही. शिवाय देगलूर-धर्माबादकडे काही घरांत तेलुगू, निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी. ही सारी मुले लातूरच्या वसतिगृहांत एका खोलीत येतात, तेव्हा गैरसमज ठरलेलेच.

म्हणून आम्ही सुचवू, की तक्ता बाजूला ठेवून मुलांनाच विचारावे: आजीला, मित्राला, बसस्टँडवरच्या अनोळखी माणसाला तुम्ही 'नाही' कसे म्हणता? तेच प्रसंग त्यांच्या बोलीत करून घ्यावेत. नजर देऊन स्पष्ट बोलणे नंतर शिकवावे, मुलाखतीसाठी लागणारी आणखी एक भाषा म्हणून.

मात्र 'आमची रीतच अशी' ही सबब आम्हाला मान्य नाही. अठरा वर्षांच्या आत लग्न ठरत असेल, तर "इचारून सांगते" हा नकार समजूनही न समजल्यासारखा केला जातो. कोणता नकार कुठे चालेनासा होतो, आणि मग आपल्या वतीने कोण बोलेल, आत्या, वर्गशिक्षिका की 1098 हा दूरध्वनी क्रमांक, हे त्या मुलीला आधीच ठाऊक असले पाहिजे.