फरसबंदी, अंगणाची व पायवाटेची

घराभोवतीचे अंगण, वाड्याचा चौक, फाटकापासून दारापर्यंतची वाट, मंदिराचे आवार यांसारख्या छप्पर नसलेल्या जागी दगड, विटा, काँक्रीटचे ठोकळे किंवा भाजलेल्या मातीच्या फरश्या बसवून तयार केलेल्या कठीण पृष्ठभागास ही संज्ञा लावतात. घरातील फरशीशी तिचे वरवर साम्य असले, तरी दोहोंची कामे निराळी आहेत. घरातील फरशीला मुख्यतः वर्दळ सोसावी लागते. उघड्यावरील फरसबंदीला पाऊस, ऊन आणि खालच्या जमिनीची हालचाल ही तिन्ही सोसावी लागतात. त्यामुळे ती वरून झिजून क्वचितच निकामी होते. बहुधा ती खालून बिघडते. फरशीची निवड करताना रंग व झिलई यांवर जेवढे लक्ष दिले जाते तेवढे तिच्या खालच्या थरांवर व पाण्याच्या वाटेवर दिले जात नाही, हेच अंगणे उखडण्याचे प्रमुख कारण होय.

महाराष्ट्रात पूर्वी अंगण सामान्यतः चोपून शेणाने सारवलेले असे. फरसबंदी असे ती वाड्यांचे चौक, देवळे व नद्यांचे घाट येथे, आणि तीही घडीव काळ्या दगडाची (बेसाल्टची). कोकणात व गोव्यात चढणीच्या वाटांवर जांभ्याचे चिरे बसवून पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी बांधीत. जुन्या पाखाडीचे चिरे पुष्कळदा चुन्यावाचून नुसते मातीत रोवलेले असत. पाणी सांध्यांतून मुरे व उरलेले कडेच्या गटारातून वाहून जाई. जेथे वर्षाला सु. २५० ते ३०० सेंमी. पाऊस पडतो अशा प्रदेशात हे साधे बांधकाम दीर्घकाळ टिकले, यावरून सांधा पक्का म्हणजे काम पक्के, हा समज सर्वत्र खरा नाही हे दिसून येते.

द्रव्ये : दख्खनमध्ये सर्वांत परिचित फरशी शहाबादी होय. कर्नाटकातील कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्ह्यातील शहाबाद व आसपासच्या खाणींतून निघणारा हा करडा चुनखडक थरांच्या रूपात असल्याने त्याच्या सपाट लाद्या सहज निघतात. तेलंगणातील तांदूर, आंध्र प्रदेशातील कडप्पा व राजस्थानातील कोटा येथील फरश्याही चुनखडकाच्याच आहेत. उघड्यावर या फरश्या खडबडीत पृष्ठाच्याच घ्याव्यात. घोटून गुळगुळीत केलेली फरशी ओली झाली की निसरडी होते. शहाबादीच्या काही लाद्यांत मातकट पापुद्र्यांचे थर असतात व पाण्याने ते सुटतात. लादी उभी धरून हातोडीने हलके ठोकल्यास निर्दोष लादीचा आवाज खणखणीत येतो, पापुद्रा असलेलीचा बद्द येतो. ही परीक्षा माल उतरवून घेतानाच करावी. कडप्प्याचा काळा दगड दिसण्यास भारदस्त असला, तरी उन्हाळ्यात तो अनवाणी पायाला सोसत नाही.

काचसदृश (व्हिट्रिफाइड) फरश्यांचे पाणी शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. हा त्यांचा गुण असला, तरी त्याच कारणाने साधा सिमेंटचा राप त्यांच्या पाठीला धरत नाही. त्यांना बहुवारिकयुक्त चिकटद्रव्यच लागते. भिंतीसाठी बनविलेल्या चकचकीत फरश्या सच्छिद्र व नाजूक असल्याने अंगणात वापरू नयेत. काँक्रीटचे एकमेकांत अडकणारे ठोकळे (पेव्हर ब्लॉक) पायवाटेसाठी सु. ६० मिमी. आणि मोटारी येणार असतील तेथे ८० मिमी. जाडीचे घेतात.

पाया व उतार : प्रथम गवत, मुळे व भुसभुशीत माती काढून टाकतात. त्यावर मुरमाचे सु. १५ सेंमी. जाडीचे थर पाणी मारून धुमसाने किंवा रुळाने ठोकून बसवितात. जाड थर एकदम घातल्यास वरचा भाग तेवढा घट्ट होतो व खालचा पोकळ राहून पुढे खचतो. पक्क्या फरशीसाठी यावर दगडी सोलिंग व त्यावर सु. १० सेंमी. जाडीचे १:४:८ प्रमाणाचे काँक्रीट घालतात. काळ्या मातीच्या प्रदेशात मात्र एवढ्याने भागत नाही. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे मृद् खनिज ओलाव्याने फुगते व वाळल्यावर आकसते. फरसबंदीच्या कडेखालची माती पावसात भिजते, मधली बराच काळ कोरडी राहते. परिणामी कडा उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली बसतात. काँक्रीटचा जाड थर घातला म्हणजे हे थांबते असे मानून बराच खर्च केला जातो, पण अशा जमिनीत तो थरही तडकतो. शक्य तेवढी काळी माती काढून तेथे मुरूम भरणे, कडेने पाणी मुरू न देणे आणि वर एकसंध लादीऐवजी लहान तुकड्यांची, हालचाल सोसणारी फरसबंदी करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौ. मी. जागेवर १ मिमी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तेव्हा १०० चौ. मी. अंगणावर दिवसात १०० मिमी. पाऊस पडल्यास १०,००० लिटर पाणी येते, आणि छपराच्या पागोळ्यांचे पाणी त्याहून वेगळे. ते वाहून जाण्यासाठी घरापासून दूर, सु. ६० ते ८० सेंमी.स १ सेंमी. असा उतार देतात. खडबडीत दगडास तो थोडा वाढवितात. उतार वरच्या फरशीत नव्हे, तर खालच्या काँक्रीटमध्येच काढावा. गिलाव्याची जाडी कमीजास्त करून काढलेला उतार एकसारखा राहत नाही. फरशी बसविण्यापूर्वी काँक्रीटवर बादलीभर पाणी ओतून ते कोठे थांबते हे पाहणे ही जुन्या गवंड्यांची पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे.

अंगणाची पातळी घराच्या जोत्यापेक्षा व जोत्यातील ओलप्रतिबंधक थरापेक्षा निदान १५ सेंमी. खाली असली पाहिजे. हा नियम नव्या घरात बहुधा पाळला जातो, परंतु दुरुस्तीच्या वेळी मोडतो. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसविली की अंगण ५ ते ७ सेंमी.ने चढते, असे दोनतीन वेळा झाले की अंगण जोत्याला भिडते आणि पावसाळ्यात भिंतींना खालून ओल धरते, लोणा लागतो, गिलावा सुटतो. घराची ओल मग छपरात किंवा नळात शोधली जाते. दोष असतो तो अंगणात. म्हणून नवी फरशी बसविताना जुनी उखडण्याचा खर्च टाळू नये.

बसवणी : दगडी लाद्या चुन्याच्या किंवा १:६ प्रमाणाच्या सिमेंटच्या मसाल्यावर सु. २० ते २५ मिमी. जाडीच्या थरात बसवितात. लादीखाली चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून बसविण्याची घाईची पद्धत सर्वथा वर्ज्य समजावी. मधल्या पोकळीत पाणी साठते आणि जड कुंडी ठेवताच लादी मधोमध तुटते. मसाला सर्वत्र पसरून, लादी टेकवून, पुन्हा उचलून तिच्या पाठीवर मसाल्याची खूण पूर्ण उठली आहे की नाही ते पहावे. त्यानंतर निदान ७ दिवस काम ओले ठेवतात.

उष्णतेने होणारे प्रसरण थोडे असले, तरी उपेक्षणीय नाही. तापमानात ४०° से. फरक पडल्यास १० मी. लांबीच्या काँक्रीटची लांबी सु. ४ मिमी. बदलते. याला जागा न मिळाल्यास फरश्या तंबूसारख्या उचलल्या जातात. म्हणून दोन फरश्यांत निदान ५ मिमी. सांधा ठेवतात. शिवाय दर ३ ते ४ मी. अंतरावर, तसेच भिंतीला लागून, मऊ द्रव्याने भरलेला सांधा सोडतात आणि तो खालच्या काँक्रीटमध्येही नेतात.

ठोकळ्यांची रीत निराळी आहे. ते ठोकलेल्या खडीमुरमाच्या थरावर २५ ते ४० मिमी. वाळू पसरून कोरडेच बसवितात, कंपकाने दाबतात व फटींत बारीक वाळू झाडून भरतात. कडेला काँक्रीटची किंवा दगडाची बंदिस्त किनार नसल्यास ठोकळे हळूहळू बाहेर सरकतात व सगळी बांधणी सैल होते. खालच्या थरातील खळगे वाळूने भरून काढू नयेत. तेथे चाकोऱ्या पडतात.

झाडे व जमीन : अंगण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बंदिस्त करण्याची आवड अलीकडे वाढली आहे. झाडाच्या बुंध्याला भिडविलेले काँक्रीट मुळांना हवापाणी मिळू देत नाही आणि जाड होणारी मुळे शेवटी तेच काँक्रीट फोडतात. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. घरगुती अंगणातही निदान एवढी जागा मोकळी ठेवावी. विहीर असलेल्या घरी पायवाटेपुरतीच पक्की फरशी करून उरलेल्या भागात उघड्या सांध्यांचा दगड बसविल्यास पाणी जमिनीत मुरते. मात्र जोत्यालगतची सु. १ मी. पट्टी पाणी न झिरपणारी असावी.

निगा : पावसाळ्यात सावलीच्या बाजूस शेवाळे धरते. विशेषतः वृद्धांना त्यापासून धोका असतो. कडक ब्रशाने घासून, नंतर ब्लीचिंग पावडरीचे सौम्य द्रावण काही वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुतल्यास ते जाते. परंतु पागोळी किंवा गळका नळ तेथेच पडत राहिला तर ते पुन्हा येते. शहाबादी, कोटा व अन्य चुनखडकी फरश्यांना आम्ल कधीही लावू नये. सिमेंटचे डाग काढण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडकाशी विक्रिया पावून फेसाळते व फरशीचे पृष्ठच खाते. शौचालयासाठी मिळणाऱ्या बहुतेक द्रवांतही हेच आम्ल असते. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पांढरा लोणा कोरड्या ब्रशाने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मृगापूर्वी एकदा सर्व अंगण काठीने ठोकून पहावे. पोकळ आवाज देणाऱ्या लाद्या तेवढ्या काढून, खालचा सुटलेला मसाला खरवडून, नव्या मसाल्यावर पुन्हा बसवाव्यात व रिकाम्या दरजा भरून घ्याव्यात. ठोकळ्यांच्या फटींतील वाळू पहिल्या पावसात काहीशी धुऊन जाते. ती पावसाची उघडीप पाहून पुन्हा झाडून भरतात. एकच भाग दरवर्षी खचत असेल, तर तेथील फरशी बदलून उपयोग नसतो; खालून गळणारी नळवाहिनी, उंदरांची किंवा घुशींची बिळे अथवा कुजलेले जुने मूळ शोधावे लागते.