चारचा चहा आणि गोडाची ओढ

दुपारचे चार वाजले की ऑफिसात चहा फिरतो आणि त्याच्या मागोमाग बिस्किटांचा पुडा. दिवसभर गोडाचं नाव न काढणारी माणसंही तेव्हा बोलता बोलता दोन-तीन बिस्किटं उचलतात. विचारलंच तर कारण तयार असतं: ‘जरा शुगर डाऊन वाटतेय.’

बहुतेक वेळा ती डाऊन झालेली नसते. निरोगी माणसाचं शरीर दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातली साखर स्वतःच सांभाळतं. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा त्यासाठीच तर असतो. मेंदूला रोज साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं हे खरं, पण ते भाकरी-भातातूनही मिळतं. चारला जी तलफ येते ती बरीचशी सवयीची असते. अपवाद मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांचा. त्यांना थरथर, दरदरून घाम, घेरी असं होऊ लागलं आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. तिथे हा लेख आठवत बसू नये.

दुसरा समज गुळाचा. हल्ली चौकाचौकात ‘गुळाचा चहा’च्या पाट्या लागल्यात आणि तो पिणारे निर्धास्त असतात. पण कोल्हापूरचा गूळ काय नि कारखान्याची साखर काय, दोन्ही उसाचीच. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं आणि उष्मांकही जवळपास साखरेइतकेच. ‘गुळात लोह असतं’ हेही अर्धवट खरं. 10 ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा-एक मिलिग्रॅम लोह मिळतं. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार बाईला रोज 29 मिलिग्रॅम हवं. चवीसाठी गूळ खावा, मीही खातो. औषध म्हणून नको. मधाचीही गत तीच.

खरी गंमत हिशेबात आहे. होळीला पुरणपोळी नाकारणारे, गणपतीत मोदकाकडे पाठ फिरवणारे बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, शिवाय मधातली आणि फळांच्या रसातली, मिळून एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. 5 टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. 2000 कॅलरींच्या आहारात याचे होतात 50 आणि 25 ग्रॅम. आता दिवसाचे चार कप चहा, कपाला दोन चमचे, चमचा 5 ग्रॅमचा धरा: 40 ग्रॅम चहातच गेले. वर्षातून दोनदा येणारी पुरणपोळी बिचारी उगाच बदनाम.

मारी बिस्किटाला ‘साधं’ म्हणतात, पण त्याच्या पुड्यामागचा तक्ता वाचा. वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा साखर निघते. पेरू चावून खाणं आणि ‘शंभर टक्के फळांचा’ डबाबंद रस पिणं, यांतही फरक आहे: रसातली साखर वरच्या हिशेबात धरली जाते.

आणि ‘मन घट्ट केलं की झालं’ हा समज तर सगळ्यात चिवट. शिकागो विद्यापीठाच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 12 तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपायला दिलं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटलं आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची इच्छा बळावली. रात्री एकपर्यंत मोबाइल बघणाऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःला चटोर म्हणून दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आधी झोपावं. तलफ आलीच तर उठून पंधरा मिनिटं झपाझप चालून यावं. एक्सेटर विद्यापीठातल्या प्रयोगांत एवढ्यानेही चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली.

शुगर-फ्रीच्या गोळ्यांवरही फार भिस्त नको. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये म्हटलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

चहातली साखर एकदम तोडली तर तो कषाय लागतो आणि चौथ्या दिवशी माणूस पुन्हा दोन चमच्यांवर येतो. म्हणून दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या एका अभ्यासात तीन महिने कमी साखर खाणाऱ्यांना तेच पुडिंग शेवटी जास्त गोड लागू लागलं होतं. जीभ जुळवून घेते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. चारला ड्रॉवरमध्ये मूठभर फुटाणे-शेंगदाणे असू द्यावेत. आणि बिस्किटांचा पुडा शेजारच्या टेबलावर ठेवून द्यावा, शेजारी चालवून घेत असेल तर.