बूट लोडर आणि निरनिराळ्या ड्राइव्हांवरील ऑपरेटिंग सिस्टिमांचा शोध

एकाच संगणकाला दोन-तीन ड्राइव्ह जोडलेले असून प्रत्येकावर निराळी ऑपरेटिंग सिस्टिम असली, तर संगणक सुरू होताच बूट लोडर त्या सर्वांची यादी पडद्यावर मांडतो. त्यावरून त्याने त्याच क्षणी सर्व ड्राइव्ह धुंडाळले असावेत, असा समज सहज होतो. लिनक्सबरोबर प्रचलित असलेल्या ‘ग्रब’ या लोडरच्या बाबतीत मात्र तो समज बहुधा यथार्थ ठरत नाही. शोध आधीच झालेला असतो. लोडर केवळ त्याची नोंद वाचतो.

हा शोध चालू लिनक्समधून ‘ओएस-प्रोबर’ हा प्रोग्रॅम घेतो. तो प्रत्येक ड्राइव्हवरील पार्टिशने क्रमाने तपासून ठरावीक खुणा पाहतो. यूईएफआय पद्धतीच्या संगणकावर विंडोज ओळखावयाचे तर ईएफआय पार्टिशनात मायक्रोसॉफ्टची बूट-फाइल आहे काय, हे पाहिले जाते. लिनक्सच्या बाबतीत ‘ओएस-रिलीज’सारख्या फाइलींवरून नाव कळते. जे सापडेल ते ग्रबच्या यादीत लिहिले जाते.

ड्राइव्हांचा क्रम मात्र स्थिर नसतो. जोडणी बदलली की पहिला ड्राइव्ह दुसरा होऊ शकतो. म्हणून नोंदीत क्रमांकावर विसंबून न राहता फाइल सिस्टिमची स्वतंत्र ओळखसंख्या, म्हणजे यूयूआयडी, दिली जाते. सुरू होताना ग्रब शोधतो तो या संख्येच्या पार्टिशनाचा. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे.

सर्वच लोडर याप्रमाणे वागतात असे नाही. ‘रीफाइंड’ दर वेळी ईएफआय पार्टिशने नव्याने तपासतो. उलटपक्षी ‘सिस्टिमडी-बूट’ स्वतःच्या ड्राइव्हपलीकडे पाहत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवरील विंडोज त्यास आपोआप दिसत नाही.

आपोआप शोधात धोकाही आहे. परक्या पार्टिशनातील मजकूर पूर्ण अधिकारानिशी वाचणे, हा हल्लेखोरास वाट करून देण्याचा प्रकार ठरू शकतो. याच कारणास्तव २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रब २.०६ मध्ये ओएस-प्रोबर मूलतः बंद ठेवण्यात आला. परिणामी, ग्रबची यादी नव्याने तयार करताच पूर्वी दिसणारे विंडोज यादीतून नाहीसे झाल्याचा अनुभव अनेकांस येतो.

तात्पर्य, यादीत नाव नसणे म्हणजे ड्राइव्हवर सिस्टिम नसणे नव्हे. हा भेद ध्यानी न घेता जो पुनर्स्थापनेस प्रवृत्त होतो, तो केवळ एक नोंद सुधारण्याऐवजी शाबूत असलेली सामग्री गमावून बसण्याचा संभव असतो.