जाळ्यातली वाट

कासवाला फुप्फुसे असतात. कितीही खोल गेले तरी श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. कोळंबीचे ट्रॉल मात्र समुद्राच्या तळाशी तासन् तास ओढले जाते. त्यात शिरलेले कासव धडपडते आणि गुदमरून मरते. किनाऱ्याला लागणाऱ्या कितीतरी मेलेल्या कासवांच्या अंगावर म्हणूनच जखम दिसत नाही.

यावर निघालेले साधन म्हणजे टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, थोडक्यात ‘टेड’. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या अलीकडे उभ्या गजांची एक चौकट तिरकी शिवतात. कोळंबी गजांच्या फटींतून मागे पिशवीत जाते. कासव गजांवर आदळते, उतारावरून घसरत वरच्या किंवा खालच्या मोकळ्या तोंडापाशी येते आणि तिथली झडप ढकलून निसटते. अमेरिकी नियमाप्रमाणे दोन गजांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको आणि चौकटीचा कोन ३० ते ५५ अंशांत हवा. चौकट फार उभी झाली तर कासव तिच्यावरच दाबले जाते आणि कचरा अडकतो. फार आडवी झाली तर कोळंबी बाहेर जाते.

ही कल्पना मच्छीमाराची. जॉर्जियातल्या डेरियन गावच्या सिंकी बून यांना जाळी भरून टाकणाऱ्या जेलीफिशने हैराण केले होते. त्यांनी जाळ्यात गज बसवले आणि जेलीफिशबरोबर कासवेही बाहेर पडू लागली. पुढे सरकारी संशोधकांनी त्या रचनेच्या चाचण्या घेतल्या आणि १९८७ मध्ये अमेरिकेत टेडचे नियम आले.

त्याच वर्षी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅस्वेल यांचा लॉगरहेड कासवांवरचा लेख छापून आला. माझ्या मते टेडचा खरा पाया तिथे आहे. कासवाचे आयुष्य त्यांनी अंड्यापासून अनुभवी मादीपर्यंत सात टप्प्यांत मांडले. कोणत्या टप्प्यात किती जगतात, किती पुढे सरकतात, किती अंडी घालतात, हे सारे एका गणितात बसवले. मग एकेक आकडा बदलून पाहिला. किनाऱ्यावरचे एकही अंडे, एकही पिल्लू वाया गेले नाही असे धरले, तरी संख्या घटतच राहिली. मोठ्या, पण अजून वयात न आलेल्या कासवांचे जगणे थोडे सुधारले की संख्या वाढू लागली. पिल्लांपैकी बहुतेक तशीही मरतात. त्या सगळ्यातून वाचून अनेक वर्षे समुद्रात काढलेले कासव मेले की त्याच्या पुढच्या साऱ्या विणी बुडतात. आणि ट्रॉलमध्ये सापडतात ती नेमकी ही मोठी कासवे.

कोकणात हे लक्षात ठेवायला हवे. वेळासला २००२ मध्ये ‘सह्याद्री निसर्गमित्र’ने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात नेऊन सांभाळायला सुरुवात केली. ते काम मोलाचे आहे, ते थांबता कामा नये. पण अंडी घालून परतलेली मादी पुन्हा जाळ्यांच्याच पाण्यात उतरते. लॉगरहेडचे आकडे रिडलेला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. रिडले लवकर वयात येते. तरी मोठी मादी वाचवण्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

संशोधनाने टेडच्या चुकाही दाखवल्या. किनाऱ्याला लागलेली मृत कासवे मोजली, तेव्हा त्यांतली बरीच टेडच्या तोंडातून मावणारच नाहीत इतकी मोठी निघाली. २००३ मध्ये अमेरिकेने तोंड मोठे करायला लावले.

भारतात कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने आपल्या ट्रॉलरांसाठी टेड घडवले. ओडिशात, जिथे गहिरमाथा आणि ऋषिकुल्येच्या किनाऱ्यांवर रिडले झुंडीने अंडी घालतात, ते कायद्याने सक्तीचेही आहे. पण सक्तीने काम भागलेले नाही. आपला ट्रॉलर नुसत्या कोळंबीवर चालत नाही. मोठी मासळीही त्याला पैसे देते आणि तीच गजांवरून बाहेर जाते. तांडेलाची ही तक्रार खोटी नाही. झडप दोरीने शिवून टाकली की बंदरावर टेड दिसते आणि समुद्रात कासव मरते. शेवटी टेडचा वापर नीट होत नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी घेणे बंद केले. त्याची झळ मच्छीमारालाच बसली.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये एक चांगली वाट धरली: कासव किंवा देवमुशीसारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. हेच धोरण टेडलाही लावावे. चाचणीच्या हंगामात गजांवरून निसटलेली मासळी ट्रॉलरवरच मोजावी, तिची किंमत सरकारने भरून द्यावी आणि फटींची रुंदी ठरवताना तांडेलांना सोबत बसवावे.