समुद्रसपाटी म्हणजे नेमकं कुठलं पाणी? पालवा बंदरावर जाऊन समजून घेऊया

आमच्या लोणी देवकरात उन्हाळा लागला की एकच प्रश्न असतो, "उजनी किती?" उत्तर टक्क्यांत येतं, आणि काही वर्षी ते चक्क मायनसमध्ये असतं. पण पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात टक्क्यांच्या शेजारी आणखी एक आकडा असतो. उजनी १०० टक्के भरलं की पाणीपातळी ४९६.८३ मीटर, आणि उपयुक्त साठा शून्य झाला की ४९१.०३ मीटर.

हे ४९६ मीटर म्हणजे धरणाची खोली नव्हे, ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. पण समुद्र तर दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा खाली उतरतो. मग सपाटी कुठली धरायची? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगली जागा मुंबईत आहे: गेटवे ऑफ इंडियाचा परिसर, म्हणजेच अपोलो बंदर. जुने मुंबईकर त्याला पालवा बंदर म्हणतात.

आधी बंदर, मग गेटवे

आपण गेटवे बघायला जातो, पण बंदर त्याच्याही आधीचं. २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथेच उतरले. त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार गेटवे उभारलं गेलं आणि ४ डिसेंबर १९२४ ला ते खुलं झालं. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली.

हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. त्यामानाने कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे अपोलो बंदरावरच्या समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जगातल्या सगळ्यात लांब नोंदींमध्ये त्यांची गणना होते.

भरती मोजायची कशी?

जुनं यंत्र अगदी साधं होतं. एक उभी विहीर किंवा नळी घ्यायची आणि तिला खाली लहान भोक ठेवायचं. समुद्राचं पाणी आत येतं, पण भोक लहान असल्यामुळे लाटांचे हेलकावे आत पोचत नाहीत. पाण्यावर एक तरंगता गोळा, त्याला तार आणि तारेला पेन्सिल. पेन्सिल घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढत राहते. ही रेघ म्हणजे भरती-ओहोटीचा आलेख.

मुंबईत दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. शिवाय चंद्राच्या कक्षेचं एक चक्र १८.६ वर्षांचं आहे, त्यामुळे सरासरी काढायला एखाद्या वर्षाच्या नोंदी पुरत नाहीत. अनेक वर्षांच्या, तासातासाच्या नोंदींची सरासरी घेतली की 'सरासरी समुद्रपातळी' मिळते.

शून्य गावापर्यंत कसं आलं?

भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ पर्यंत देशासाठी उंचीचं एक शून्य पक्कं केलं. त्यासाठी ९ बंदरांची सरासरी पातळी आधार धरली: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, चेन्नई, विशाखापट्टणम आणि ओडिशातला फॉल्स पॉइंट. यातलं मुंबईचं मोजमाप अपोलो बंदरावरचं.

तिथून पुढचं काम पायी झालं. दुर्बिणीचं लेव्हल यंत्र मधे लावायचं, मागे-पुढे मोजपट्ट्या उभ्या करायच्या, दोन्हींतला फरक लिहायचा आणि पुढे सरकायचं. ठरावीक अंतरावर खुणेचे दगड बसवायचे. घाट चढून देशावर उंची आली ती अशी. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची घ्या की उजनीचे ४९६.८३ मीटर, दोन्हींचा हिशोब याच साखळीत बसतो.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे शून्य म्हणजे एक 'फ्रीझ' केलेली आवृत्ती आहे. अपोलो बंदराच्या दीर्घ नोंदींनुसार समुद्र वर्षाला १ मिलिमीटरपेक्षा थोडा कमी वेगाने वर आला आहे. पण म्हणून धरणाच्या तक्त्यातला आकडा दरवर्षी बदलत नाहीत. बदलला तर जुनी-नवी तुलनाच करता येणार नाही.

फोन मात्र वेगळंच सांगतो

बंदरावर गेलात तर हा प्रयोग करा. जीपीएसची कच्ची उंची दाखवणारं एखादं ॲप उघडा. पाण्याच्या काठावर उभे असूनही ते उणे ६० मीटरच्या आसपास आकडा दाखवू शकतं. घाबरू नका, फोन बिघडलेला नाही.

जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती अंडाकृती आकारापासून. खरी समुद्रपातळी गुरुत्वाकर्षणामुळे त्या आकाराच्या कुठे वर, तर कुठे खाली असते. भारताच्या आसपास ती बरीच खाली आहे, मुंबईजवळ ६० मीटरहून थोडी जास्त. काही ॲप्स हा फरक आपोआप दुरुस्त करतात, काही करत नाहीत. अँड्रॉइडमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची थेट मागण्याची सोय १४ व्या आवृत्तीत आली.

तिसरं शून्यही आहे. पावसाळ्यात बातमी येते, "आज ४.८ मीटरची भरती". हा आकडा नौकानयनाच्या नकाशातल्या शून्यापासून मोजलेला असतो, आणि ते शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या जवळ धरतात. मुंबईची सरासरी पातळी त्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपासच वर असते.

शेतकऱ्याला याचं काय?

बॅकवॉटरच्या काठाला जमिनीचा उतार फार कमी असतो. शंभर मीटरला एक मीटर उतार धरला तर पातळी अर्धा मीटर उतरली की पाणी ५० मीटर मागे जातं. मग मोटर, पाइप, केबल सगळंच पुढे न्यायचं आलं. पाणी कुठवर येणार आणि कुणाची जमीन बुडणार, तेही अशाच उंचीच्या रेषेवरून ठरतं.

म्हणून फोनवरची उंची पाहून "धरण ४९४ वर आलं की माझा फूटव्हॉल्व्ह उघडा पडेल" असा हिशोब करू नका. एक तर फोनची उंची काही मीटरने हलत असते, त्यात शून्य वेगळं असेल तर ६० मीटरचा घोळ. त्यापेक्षा ज्या दिवशी तक्त्यात ४९४ लिहिलं आहे, त्या दिवशी पाणी जिथे टेकलंय तिथे खूण करा. धरण आणि तुमचं शेत तेव्हा एकाच मापात येतात.

बंदरावर जाणार असाल तर

ओहोटीला एकदा आणि सहा तासांनी पुन्हा एकदा जा. पायऱ्यांवरचा ओला, शेवाळलेला पट्टा बघा. मोठ्या उधाणाच्या दिवशी पाण्याचा चढउतार ४ मीटरच्या पुढे जातो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि मांडव्याच्या नेहमीच्या लाँच पावसाळ्यात थांबतात, त्यामुळे बेत आखताना तेवढं ध्यानात ठेवा. आणि यापुढे उंचीचा कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा: हा मोजला कुठून?