डब्यातली चावी

कोटेशनचा कागद पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर कोकम सरबताचा ग्लास ठेवला होता. कागदावर ओळी तीनच. पहिली राउटरची, दुसरी तीन वर्षांच्या लायसन्सची, तिसरी बसवण्याच्या मजुरीची. त्यातली दुसरी ओळ पहिलीहून मोठी. होमस्टेच्या मालकीणबाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि बेळगावहून आलेल्या मुलाला विचारलं, "हे काय रे? डबा विकत घेतला, तरी तो चालवायचे पैसे वेगळे?"

"होय काकू. म्हणून तर दुसरा डबाबी आणलाय."

जोयडा तालुक्यात, गणेशगुडीपासून थोडं आत हे घर आहे. जुनं सुपा गाव धरणात गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. सुपा धरणाच्या पायथ्याशी 50 मेगावॉटचे दोन संच वीज काढतात; तरी या घरात "करंट गेला" ही हाक पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा ऐकू येते. काळी नदीत राफ्टिंगला येणारे पाहुणे संध्याकाळी लॅपटॉप उघडतात, मग काकूंना राउटर लागतो. घरगुती चालत नाही. पंधरा-वीस फोन एकदम चिकटले की तो मान टाकतो.

माळ्यावर आधीचा एक डबा होता. देखणा, पांढरा, जड. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्याचं लायसन्स ऐन जुलैत संपलं. आठवणीचे ईमेल ज्या पत्त्यावर गेले तो बसवणाऱ्या माणसाचा, आणि त्यानं धंदाच सोडलेला. डब्यात बिघाड काही नव्हता, फक्त परवानगी संपली होती.

हा प्रकार जगभर रुळलेला आहे. सिस्कोनं 2012 साली मेराकी ही कंपनी 1.2 अब्ज डॉलरला घेतली. तिचे राउटर दूरच्या सर्व्हरवरून सांभाळले जातात आणि लायसन्स वर्षांच्या हिशेबानं मिळतं. एकाच मुदतीत सगळी उपकरणं बांधण्याच्या पद्धतीत मुदत उलटली की 30 दिवसांची सवलत असते. त्यानंतर डबा वाहतूकच थांबवतो. भाड्याच्या बदल्यात मदत, नव्या आवृत्त्या आणि घरबसल्या देखरेख मिळते हे खरं. शंभर शाखांच्या बँकेला ते परवडतं, सोयीचंही पडतं. पाच खोल्यांच्या होमस्टेला नाही.

मुलानं मग मला सिस्कोच्या 4000 मालिकेची गंमत सांगितली. 4331 हा राउटर 100 एमबीपीएसवर बांधून विकला जायचा. जादा लायसन्स घेतलं की तोच डबा 300 देणार. आत नवीन काही बसवायचं नाही. "धरणात पाणी तेवढंच हो सर, दार किती उचलायचं त्याचे पैसे." बेंगळुरूच्या एसपी रोडवर असे जुने डबे स्वस्तात मिळतात, पण सिस्कोच्या नियमानं सॉफ्टवेअरचा परवाना पहिल्या मालकाचा, डबा विकला म्हणून तो दुसऱ्याकडे जात नाही. स्वस्तात घेणारा लोखंड घेतो, एवढंच. जीएसटी मात्र नव्या मालात दोन्ही ओळींवर 18 टक्के: लोखंडावरही आणि परवानगीवरही.

त्यानं पिशवीतून काढलेला दुसरा डबा तळहातावर मावणारा. मायक्रोटिकचा हेक्स, लाटवियातल्या रिगाच्या कंपनीचा. पाच पोर्ट, कंपनीच्या यादीत साठ डॉलरच्या आसपास. वायफाय नाही, ते छतावरच्या वेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे. लॅपटॉपवर राउटरची मांडणी करायचा विनबॉक्स हा प्रोग्रॅम उघडून त्यानं सिस्टीममधलं लायसन्सचं पान दाखवलं: लेव्हल 4. म्हणजे हॉटस्पॉटवर एका वेळी 200 जण. लेव्हल 5 ला 500, लेव्हल 6 ला मर्यादा नाही. हे लायसन्स कारखान्यातच डब्यात घातलेलं असतं, त्याला मुदत नाही. साध्या संगणकावर या डब्यातली प्रणाली चालवायची तर लेव्हल 4 ची चावी 45 डॉलरला मिळते, म्हणजे इथं किमतीत चावी धरलेलीच आहे. काकूंचे पाहुणे दोनशे कधी होणार नाहीत. झाले तर आधी भात कमी पडेल.

उणी बाजूही त्यानं लपवली नाही. चावी त्याच डब्याच्या मेमरीला बांधलेली. वीज पडून बोर्ड जळला की लायसन्सही गेलं. दुसऱ्या डब्यावर ते चढत नाही. जोयड्यात वीज पडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. शिवाय फायरवॉलचे जादाचे नियम हातानं लिहावे लागतात, आणि ते येणारा माणूस बेळगावात बसतो. वार्षिक भाडं वाचलं तरी त्या माणसाची एक खेप पावसात रामनगरवरून येते, तिचाही हिशेब धरायला हवा. मला वाटतं, असं कोटेशन वाचताना स्पीडच्या आधी हे बघावं की किल्ली कुणाच्या हातात राहते.

या डब्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्याच्या मागे छापलेली होती: 8 ते 30 व्होल्ट. म्हणजे सोलरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर इन्व्हर्टरशिवाय थेट चालतो. मुलानं फ्यूज घालून राउटरची आणि अ‍ॅक्सेस पॉइंटची वायर बॅटरीला जोडली, पाहुण्यांसाठी व्हाउचरचं पान बनवलं, स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवला. काकूंनी विचारलं, "आता परत पैसे कधी?"

"ह्याला नाही. लाइनवाल्याला मात्र दर महिन्याला."

तेवढ्यात करंट गेला. पंखा थांबला. राउटरचे दिवे मात्र लुकलुकत राहिले, आणि मुलगा खुशीत हसला. काकूंनी फोन पाहिला. "वायफाय दिसतंय रे, पण नेट कुठंय?"

फायबरचा डबा भिंतीवरच्या प्लगातच राहिला होता, काळाठिक्कर. मुलानं काही न बोलता दुसरी वायर शोधायला पिशवी उघडली.