कसाची रेघ आणि आतले सोने

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु व्यापाऱ्याला ती नुसती म्हणून भागत नाही. कोठवर दिसते आणि कोठून पुढे लपते, याचा हिशेब त्याला रोज ठेवावा लागतो. सराफीच्या पेढीवर तर तो गुंजेगुंजेचा असतो. म्हणून आम्ही येथे सोन्याचेच उदाहरण घेत आहो.

रंग ही सोन्याची पहिली साक्ष. पण ती भरवशाची नव्हे. तांब्याने सोने लालसर होते, चांदीने फिकट पडते. दोन्ही बेताने मिसळली तर हलक्या सोन्यालाही पिवळेपण राखता येते. म्हणून पूर्वजांनी कसोटीचा काळा दगड हाती घेतला. दागिन्याची रेघ ओढावयाची, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची ओढावयाची, आणि नत्राम्लाचा थेंब सोडून कोणती रेघ कितपत टिकते ते पाहावयाचे. ही परीक्षा खरी. परंतु दगडाला जेवढे लागले तेवढ्यापुरतीच खरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या लबाड्या सांगितल्या आहेत, त्यांत हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा मढविणे हीही एक आहे.

आत शिसे असेल तर पाण्यात तोलल्याने ते उघडे पडते. कारण सोने पाण्याच्या सुमारे १९.३ पट जड, तर शिसे ११.३ पटच. परंतु टंगस्टन हा धातू जवळजवळ सोन्याइतकाच जड आहे. तो आत भरलेली लगड डोळा, कस व तराजू या तिघांनाही चकविते. क्ष-किरणांचे यंत्रदेखील पृष्ठाचा पातळ थरच वाचते. शेवटचा शब्द अग्नीचा! नमुना शिसे व चांदी यांसह तापवावयाचा, शिशाबरोबर हीण निघून जाऊ द्यावयाचे, चांदी आम्लात विरघळवावयाची, आणि उरलेले शुद्ध सोने तोलावयाचे.

झाकणे म्हणजे फसविणे, असे मात्र नव्हे. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे असून आत लाख असते. त्यामुळे मणी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात माळ भरदार दिसते. लाखेचे वजन वजा करून सांगणारा सराफ निर्दोष होय. तीच लाख सोन्याच्या भावाने तोलणारा नव्हे.

दागिन्याचे अंतरंग बहुधा विक्रीच्या दिवशी कळत नाही. लग्नातल्या पाटल्या वीस वीस वर्षे हातात असतात. त्यांचा कस कोण विचारतो? पुढे घरात आजारपण येते, मुलांच्या शिक्षणाची फी भरावयाची असते, एखादे साल पीक बुडते. मग त्या पाटल्या मोडीला येतात आणि मुशीतून निघाल्यावर घट दिसते. तोटा नेमका अडचणीच्या दिवशी, आणि त्या घरातील स्त्रीच्या पदरी पडतो.

हे टाळण्यासाठीच भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची योजना सुरू केली. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली व पुढे तिचा विस्तार झाला. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा असतो, म्हणजे हजारांत ९१६ भाग सोने. त्याशेजारी ब्यूरोचे चिन्ह आणि त्या एका दागिन्यापुरता सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पण शिक्का हेही अखेर बाह्य रूपच. म्हणून तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईलवरील सोयीत गिऱ्हाइकासमोर तपासून दाखवावा. सोन्याचे, खड्यांचे व लाखेचे वजन पावतीवर वेगळे लिहावे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना खोट्या मापाच्या जोडीलाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. म्हणजे अस्सलासारखे दिसणारे देऊन अस्सलाचे मोल घेणे. तराजू खोटा नसला तरी माल खोटा असू शकतो, हे त्या सूत्रकाराने ओळखले होते. गिऱ्हाईक दागिना बाहेरून पाहते. आत काय आहे ते पेढीवर बसलेल्याला ठाऊक असते. जो जाणतो त्यानेच सांगावे, आणि विचारण्यापूर्वी सांगावे, एवढीच आमच्या व्यापारी बंधूंना विनंती.